राउटर बदलला आणि पासबुक अडले: फोंडा तालुक्यातील एका पतसंस्थेच्या लिनक्स सर्व्हरचे प्रकरण

संस्थेची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. तांत्रिक भाग जसाच्या तसा आहे. आज्ञा, फाइलींची नावे आणि यंत्रांची नावे इथे देवनागरीत लिहिली आहेत. प्रत्यक्ष सर्व्हरवर ती अर्थातच रोमन लिपीत टाइप करायची.

पार्श्वभूमी

मुख्य कचेरी गोव्यातल्या फोंडा तालुक्यात, शाखा डिचोली आणि पेडण्याला. मुख्य कचेरीत चौदा काउंटर आणि उबुंटू २२.०४ या लिनक्सवर चालणारा एक सर्व्हर. त्यावर पोस्टग्रेस १४ हा डेटाबेस चालतो. काउंटरवरचे सॉफ्टवेअर या डेटाबेसला थेट नेटवर्कवरून जोडले जाते. त्याची एक खोड पुढे महत्त्वाची ठरली: प्रत्येक स्क्रीन उघडताना ते नवे कनेक्शन उघडते आणि स्क्रीन मिटली की बंद करते. एक पासबुक नोंद म्हणजे चार स्क्रीन, म्हणजे चार कनेक्शने.

जुने नेटवर्क १९२.१६८.१०.० /२४ होते, म्हणजे पत्त्याचे पहिले तीन आकडे सगळ्या यंत्रांना समान. राउटर १९२.१६८.१०.१, सर्व्हर १९२.१६८.१०.५. कचेरीतल्या यंत्रांची नावे राउटरमध्येच भरलेली होती, म्हणजे नावावरून पत्ता आणि पत्त्यावरून नाव सांगण्याचे कामही राउटरच करायचा. हे कुठेही लिहून ठेवलेले नव्हते. राउटर बसवणाऱ्याला माहीत होते, आणि तो काम सोडून गेला होता.

अडचण

चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, आधीच्या आठवड्यात दुपारी वीज गेली, आली, पुन्हा गेली, पुन्हा आली. त्यात राउटर जळला. इंटरनेट पुरवठादाराने त्याच संध्याकाळी आपला नवा बॉक्स लावला. त्याचा पत्ता १९२.१६८.१.१, आणि यंत्रांना तो १९२.१६८.१ च्या घरातले पत्ते वाटू लागला. सर्व्हर कुणालाच दिसेना.

हार्डवेअरचे काम बघणाऱ्या स्थानिक तंत्रज्ञाने नेटप्लॅनची, म्हणजे उबुंटूच्या नेटवर्क-सेटिंगची, एक नवी फाइल टाकली: पत्ता १९२.१६८.१.५, गेटवे (बाहेर जाण्याचे दार) १९२.१६८.१.१, नेमसर्व्हर (नावावरून पत्ता सांगणारा) १९२.१६८.१.१. मग 'नेटप्लॅन अप्लाय'. डेटाबेसच्या परवानगीच्या फाइलीत, म्हणजे पीजी_एचबीए.कॉन्फमध्ये, शेवटी नव्या नेटवर्कची एक ओळ वाढवली. अकरा काउंटरवर सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये सर्व्हरचा नवा आकडा घातला. उरलेल्या तीन काउंटरचे पत्ते हाताने बसवलेले होते आणि ते काहीही न करता चालू होते, म्हणून त्यांना हात लावला नाही. या गडबडीत सर्व्हरचे होस्टनावही, म्हणजे यंत्राचे स्वतःचे नाव, बदलले गेले. का, ते नंतर कुणालाच सांगता आले नाही.

दुसऱ्या दिवशी सगळे चालू होते, पण रखडत. प्रत्येक स्क्रीनला तीन सेकंद, एका पासबुकाला बारा ते चौदा. एरवी हे खपून गेले असते. पण चवथीच्या तोंडावर, माटोळीच्या (गणपतीच्या वर बांधायच्या फळाफुलांच्या) आणि घरच्या खरेदीसाठी पैसे काढायला रांग दाराबाहेर गेलेली असताना नाही. कॅशियरबाईंनी तंत्रज्ञाला सांगितले ते असे: "बाबा, लॉगिन मारून चहा पिऊन आले तरी चाक फिरतच असते." शिवाय सर्व्हरवर सूडो (प्रशासकाच्या अधिकाराने काम करण्याची आज्ञा) दिले की दर वेळी तसाच खोळंबा आणि 'होस्ट सापडत नाही' हा इशारा. लेखा विभागाचा रात्रीचा अहवालही दोन रात्री निघाला नव्हता.

तपास कुठे फसला

पहिला संशय डेटाबेसवर गेला. पण एकदा स्क्रीन उघडली की आतल्या प्रश्नांना उत्तरे झटपट येत होती. वेळ जात होता तो जोडले जाताना. तेव्हा संशय नाव शोधण्यावर आला, आणि इथे दोन साधनांनी चुकीची साक्ष दिली.

पहिले साधन 'रिझॉल्व्हसीटीएल क्वेरी'. त्याने नावे क्षणात शोधून दिली. यावरून नाव शोधणे ठीक आहे असा निष्कर्ष काढला गेला आणि त्यात अर्धा दिवस गेला. दुसरे साधन टीसीपीडंप, म्हणजे तारेवरची पाकिटे दाखवणारे, फक्त पोर्ट ५३ वर, म्हणजे डीएनएसच्या (नाव शोधण्याच्या) प्रश्नांवर, चाळणी लावून. त्यात सर्व्हरकडून ८.८.८.८ ला, म्हणजे गूगलच्या सार्वजनिक नेमसर्व्हरला, प्रश्न जाताना आणि काही मिलिसेकंदांत उत्तर येताना दिसत होते. म्हणजे डीएनएसही चोख!

कोंडी फुटली ती 'गेटएंट होस्ट्स १९२.१६८.१.२३' ही पत्त्यावरून नाव विचारणारी आज्ञा वेळ मोजत चालवल्यावर. तीन सेकंद. गेटएंट आणि पोस्टग्रेस एकाच वाटेने जातात: आधी एनएसस्विच.कॉन्फमधला (कुठे आधी शोधायचे याचा) क्रम, मग होस्ट्स फाइल, मग जीलिबसी या लिनक्सच्या पायाभूत लायब्ररीचा स्वतःचा शोधक, आणि तो /इटीसी/रिझॉल्व्ह.कॉन्फ वाचतो. 'रिझॉल्व्हसीटीएल' मात्र सिस्टमडी-रिझॉल्व्हडी या नाव शोधणाऱ्या सेवेला थेट विचारते. कुठला नेमसर्व्हर मेला आहे हे रिझॉल्व्हडी लक्षात ठेवतो आणि चालत्याला धरून राहतो. जीलिबसीला ही आठवण नसते. पोस्टग्रेसच्या प्रत्येक कनेक्शनला नवी प्रक्रिया जन्मते आणि ती पहिल्या ओळीपासून सुरुवात करते.

पहिल्या ओळीत काय होते? उबुंटूवर रिझॉल्व्ह.कॉन्फ हा रिझॉल्व्हडीच्या फाइलीकडे नेणारा दुवा असतो आणि त्यात १२७.०.०.५३ हा पत्ता दिसतो. इथे कुणीतरी पूर्वी दुवा मोडून साधी फाइल ठेवली होती. पहिली ओळ १९२.१६८.१०.१, म्हणजे जळालेला राउटर. दुसरी ८.८.८.८. 'रिझॉल्व्हसीटीएल स्टेटस'च्या वरच्याच ओळींत या फाइलीचा प्रकार 'फॉरेन' (रिझॉल्व्हडीची नसलेली) असा छापून येत होता. तो सगळ्यांच्या डोळ्यांखालून गेला होता.

मग टीसीपीडंपला मेलेल्या राउटरकडे जाणारे प्रश्न का दिसले नाहीत? कारण ते तारेवर उतरलेच नाहीत. सर्व्हरकडे जुना पत्ता अजून होता, त्यामुळे १९२.१६८.१०.१ हा शेजारी आहे अशी त्याची समजूत. शेजाऱ्याला पाकीट देण्याआधी तो एआरपीने 'हा पत्ता कुणाचा' असे विचारतो. एकेका सेकंदाने तीन हाका, उत्तर नाही, मग कर्नल (लिनक्सचा गाभा) 'होस्ट पोहोचत नाही' असे कळवतो आणि शोधक दुसऱ्या ओळीकडे वळतो. तीन सेकंद आले ते इथून. जीलिबसीची ठरलेली वाट पाहण्याची मुदत पाच सेकंद आहे. आकडा पाच नसून तीन आहे, हाच धागा होता. जुना पत्ता काढून टाकला असता तर तीच पाकिटे गेटवेकडून बाहेर जाऊन हरवली असती आणि खोळंबा पाच सेकंदांचा झाला असता. पोर्टची चाळणी काढल्यावर एआरपीच्या हाका ढिगाने दिसल्या. शेजाऱ्यांची यादी दाखवणाऱ्या 'आयपी नेइ'मध्येही त्या पत्त्यापुढे 'फेल्ड' लिहिलेले होते.

पण डेटाबेसला मुळात काउंटरचे नाव हवे कशाला? पीजी_एचबीए.कॉन्फमध्ये वरून दुसरी ओळ अशी होती: अहवाल डेटाबेस, लेखापरीक्षक वापरकर्ता, यंत्र 'लेखा.लोकल', पद्धत 'ट्रस्ट', म्हणजे पासवर्डशिवाय प्रवेश. ओळीत पत्त्याऐवजी यंत्राचे नाव असले की पोस्टग्रेस येणाऱ्याच्या पत्त्यावरून नाव शोधतो, ते जुळले तर नावावरून पुन्हा पत्ता पडताळतो. आणि ओळ तपासताना तो यंत्र आधी बघतो, डेटाबेस आणि वापरकर्ता नंतर. म्हणून एका लेखा यंत्रासाठी लिहिलेल्या ओळीचा भुर्दंड तिच्या खालच्या ओळींतून आत येणारे चौदाही काउंटर भरत होते. जुना राउटर उलटे नाव एका क्षणात सांगायचा, म्हणून हे कधी जाणवले नव्हते. रात्रीचा अहवाल बंद पडण्याचे कारणही हेच. नाव जुळेना, म्हणून विनंती खालच्या ओळीवर गेली. तिथे पासवर्ड मागितला गेला, आणि तो द्यायला रात्री कुणी नव्हते.

इंटरनेट मात्र व्यवस्थित चालू होते, आणि त्याचे कारण नेटप्लॅनच्या रीतीत आहे. नेटप्लॅन एकाहून अधिक फाइली नावाच्या क्रमाने वाचून एकत्र करतो. एकेरी किंमत असेल तर शेवटची फाइल जिंकते, यादी असेल तर याद्या जोडल्या जातात. गेटवे जुन्या 'गेटवे४' या पद्धतीने, एकेरी किमतीने लिहिलेला, म्हणून नवा लागू झाला. पत्ते आणि नेमसर्व्हर या याद्या, म्हणून जुने नवे दोन्ही राहिले. नवी फाइल टाकून जुन्या यादीतले काही खोडता येत नाही. मूळ फाइलच दुरुस्त करावी लागते. 'नेटप्लॅन गेट' ही एक आज्ञा सगळी जोडाजोड एकत्र दाखवते. ती आधी चालवली असती तर दोन पत्ते तिथेच दिसले असते.

कोणते पर्याय होते

चवथीला चार दिवस उरले होते. सर्वात स्वस्त उपाय रिझॉल्व्ह.कॉन्फमध्ये 'टाइमआउट:१' लिहिणे. खोळंबा कमी झाला असता, पण मेलेला पत्ता पहिल्या ओळीत तसाच राहिला असता. हा बाजूला ठेवला, आणि ते बरेच झाले.

दुसरा पर्याय नव्या बॉक्सलाच १९२.१६८.१०.१ हा पत्ता देण्याचा. कागदावर सर्वात सुटसुटीत. पण बॉक्स पुरवठादाराच्या मालकीचा, त्याच्या सेटिंग त्याच्या हातात, आणि दुरून पुन्हा मूळपदावर जाणार नाहीत याची हमी नाही. भर रांगेत चौदा यंत्रांचे पत्ते पुन्हा बदलणेही परवडणारे नव्हते.

तिसरा, आहे तसे १९२.१६८.१ वरच कायम राहायचे. इथे पेडण्याची शाखा आडवी आली. तिच्या पुरवठादाराचा बॉक्सही १९२.१६८.१ हेच घर वापरतो. दोन्ही टोकांना एकच नेटवर्क असले की व्हीपीएनमधून, म्हणजे शाखा आणि कचेरी जोडणाऱ्या खासगी वाटेतून, पाकीट पलीकडे जातच नाही. यंत्राला वाटते पत्ता आपल्याच खोलीतला आहे. कचेरीसाठी १९२.१६८.० किंवा १९२.१६८.१ घेऊ नये, त्याचे कारण एवढेच.

चौथा, संस्थेचा स्वतःचा राउटर आणि स्वतःची नावांची यादी. योग्य, पण चार दिवसांत आणि तेही चवथीच्या तोंडावर नाही. म्हणून दोन टप्पे ठरले: आता फक्त खोळंबा काढायचा, पत्त्यांना हात लावायचा नाही. बाकीचे चवथीनंतर.

पहिला टप्पा: एक रात्र

काम कचेरी बंद झाल्यावर, सर्व्हरच्या स्वतःच्या कीबोर्डवर बसून झाले. नेटवर्क बदलताना दुरून जोडून काम करणे म्हणजे बसल्या फांदीवर कुऱ्हाड.

आधी होस्टनाव. /इटीसी/होस्ट्समध्ये १२७.०.१.१ समोर जुनेच नाव होते, म्हणून सूडो स्वतःच्याच यंत्राचे नाव डीएनएसमध्ये शोधत होता. 'होस्टनेमसीटीएल'ने जुने नाव परत आणले, आणि ओळीत खरा पत्ता लिहिला: १९२.१६८.१०.५, त्यापुढे पूर्ण नाव, त्यापुढे आखूड नाव. क्रम महत्त्वाचा आहे, कारण पहिले नाव अधिकृत धरले जाते. डेबियन घराण्यातली १२७.०.१.१ ची पद्धत लॅपटॉपला ठीक. सर्व्हरवर एखादी सेवा स्वतःच्या नावावर कान लावून बसली, तर ती फक्त लूपबॅकवर, म्हणजे यंत्राच्या आतल्याआत, ऐकते आणि बाहेरच्यांना दार बंद.

मग रिझॉल्व्ह.कॉन्फचा दुवा परत जोडणे. 'एलएन -एसएफ' ने 'परवानगी नाही' असे उत्तर दिले, तेही रूटला, म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्त्याला. पूर्वी कुणीतरी फाइल पुसली जाऊ नये म्हणून तिला 'चॅटर'ने अचल करून ठेवले होते. 'एलएसॅटर'मध्ये 'आय' हे अक्षर दिसले, 'चॅटर -आय' ने ते काढले, आणि दुवा बसला. पोस्टग्रेस पुन्हा सुरू करावा लागला नाही. जीलिबसी २.२६ पासून ही फाइल बदलली की शोधक ती आपोआप पुन्हा वाचतो, उबुंटू २२.०४ मध्ये २.३५ आहे.

जुन्या नेटप्लॅन फाइलीतून १९२.१६८.१०.१ हा नेमसर्व्हर काढला. जुना पत्ता १९२.१६८.१०.५ मात्र जाणूनबुजून ठेवला. ते तीन 'काहीही न करता चालू' असलेले काउंटर याच पत्त्यावर जगत होते. तो काढला असता तर सकाळी तीन काउंटर बंद. बदल 'नेटप्लॅन ट्राय'ने केला. १२० सेकंदांत एंटर दाबले नाही तर तो जुन्या स्थितीवर परत जातो.

शेवटी पीजी_एचबीए.कॉन्फची ती ओळ, आणि इथे चूक झाली. 'लेखा.लोकल'च्या जागी लेखा यंत्राचा त्या दिवशीचा पत्ता लिहिला, 'ट्रस्ट' तसेच ठेवले. 'पीजी_एचबीए_फाइल_रूल्स' या दृश्यात ओळीत काही चूक दिसत नाही हे पाहून 'पीजी_रीलोड_कॉन्फ' चालवले. चालू कनेक्शन तुटली नाहीत, गेटएंट मिलिसेकंदांवर आला, पासबुक नोंद दोन सेकंदांत. रात्रीचा अहवालही निघाला.

दोन दिवसांनी तो पुन्हा अडला. लेखा यंत्राचा पत्ता डीएचसीपीने, म्हणजे पत्ते आपोआप वाटणाऱ्या सोयीने, दिलेला होता आणि तो बदलला होता. याहून वाईट म्हणजे जुना पत्ता आता एका पासबुक काउंटरला मिळाला होता, म्हणजे पासवर्डशिवाय आत जाण्याची मुभाही त्याला मिळाली होती. तो वापरकर्ता फक्त वाचू शकणारा, म्हणून नुकसान नाही. ओळ त्याच दिवशी काढली. लेखा यंत्र उबुंटूचेच असल्याने तिथे होम फोल्डरमध्ये पासवर्ड साठवणारी पीजीपास फाइल ठेवली, परवानगी ०६००, म्हणजे फक्त मालकाला वाचता-लिहिता येईल अशी. त्याहून सैल असेल तर पोस्टग्रेसचा क्लायंट ती फाइल सरळ दुर्लक्षित करतो.

दुसरा टप्पा: चवथीनंतरचा रविवार

पुरवठादाराकडून बॉक्स ब्रिज पद्धतीत (फक्त इंटरनेट पुढे देणारा) करून घेतला, त्यामागे संस्थेचा स्वतःचा राउटर बसवला आणि घर पुन्हा १९२.१६८.१०.० केले. शाखांच्या व्हीपीएनमध्ये तोच आकडा आधीपासून भरलेला होता.

नावांसाठी राउटरवर डीएनएसमास्क, जो नावेही सांगतो आणि पत्तेही वाटतो. यंत्रांना पत्ते डीएचसीपीच देतो, पण सर्व्हर, प्रिंटर आणि लेखा यंत्र यांचे पत्ते मॅक क्रमांकावर, म्हणजे नेटवर्क कार्डाच्या स्वतःच्या क्रमांकावर, राखून ठेवले. 'बोगस-प्रिव्ह' चालू केले, म्हणजे यादीत नसलेल्या खासगी पत्त्याचे नाव विचारले तर 'असे नाव नाही' हे उत्तर तिथल्या तिथे मिळते, प्रश्न बाहेर जात नाही. '.लोकल' सोडून दिले. ते मल्टिकास्ट डीएनएससाठी, म्हणजे यंत्रांनी नावे एकमेकांनाच विचारण्याच्या पद्धतीसाठी, राखीव आहे, २०१३ सालच्या आरएफसी ६७६२ नुसार, आणि उबुंटू डेस्कटॉपवर एनएसस्विचमधला ठरलेला क्रम अशी नावे डीएनएसपर्यंत पोहोचूच देत नाही. त्याऐवजी '.इंटर्नल' घेतले. इंटरनेटवरच्या नावांची व्यवस्था बघणाऱ्या आयकॅनने २०२४ मध्ये ते खासगी वापरासाठी राखून ठेवले आहे.

सर्वात जास्त वाद झाला तो दुसऱ्या नेमसर्व्हरवर. सवयीने सगळे १९२.१६८.१०.१ च्या पाठीमागे ८.८.८.८ लिहितात. इथे लिहिले नाही. यादीतले नेमसर्व्हर एकमेकांचे पर्याय धरले जातात. राउटर क्षणभर अडखळला की रिझॉल्व्हडी बाहेरच्याकडे जातो, तिथे आतल्या नावांना 'असे काही नाही' हे ठाम उत्तर मिळते, आणि रिझॉल्व्हडी तिथेच रमतो. मग बाहेरची नावे सापडतात, घरची नाहीत, आणि कारण कुणाला कळत नाही. राउटर बंद पडला तरी अडू नयेत अशी चार नावे सर्व्हरच्या होस्ट्स फाइलीत लिहिली, तेवढेच.

दोन नेटप्लॅन फाइलींची एक केली, 'गेटवे४' काढून 'रूट्स'खाली डीफॉल्ट वाट लिहिली, परवानगी ६०० केली. चौदाही काउंटरवर सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये आकड्याऐवजी सर्व्हरचे नाव घातले. पुढच्या वेळी सर्व्हरचा पत्ता बदलला तर बदल एका ठिकाणी होईल.

काय वेगळे करता आले असते

पहिल्या संध्याकाळीच स्वस्तातला राउटर आणून त्याला १९२.१६८.१०.१ हा पत्ता दिला असता आणि तो पुरवठादाराच्या बॉक्समागे लावला असता, तर अकरा काउंटर बदलावे लागले नसते. पत्ते वाटण्याचे काम त्याच्याकडे आले असते. उलट्या नावांची यादी त्याच्यात नसती, पण 'असे नाव नाही' हे उत्तरही एका क्षणात मिळाले असते. अडला असता तो फक्त अहवाल. एक तासाचे काम होते. सर्व्हर ठीक होता आणि राउटर गेला होता, तरी दुरुस्ती मात्र सर्व्हरची झाली.

तपासात गेटएंट पहिल्या पाच मिनिटांत यायला हवा होता. डिग आणि एनएसलुकअप ही नाव शोधण्याची साधनेही याच कारणाने फसवतात: होस्ट्स फाइल आणि एनएसस्विच ती दोन्ही बघतच नाहीत. आणि 'ट्रस्ट'ची ओळ नवीन पत्त्यावर हलवताना तो पत्ता कायमचा आहे का, हा प्रश्न रात्री दहा वाजता विचारला गेला नाही. थकलेल्या माणसाने परवानगीच्या फाइलीला हात लावू नये; ते काम सकाळसाठी ठेवता आले असते, कारण पहिले तीन बदल करूनच खोळंबा संपला होता.

एक गोष्ट उरली आहे. सॉफ्टवेअर अजूनही प्रत्येक स्क्रीनला नवे कनेक्शन उघडते. मध्ये पीजीबाउन्सर, म्हणजे कनेक्शने उघडी राखून पुन्हा वापरणारा मध्यस्थ, बसवण्याची सूचना सॉफ्टवेअर पुरवणाऱ्याला लेखी दिली आहे, उत्तर आलेले नाही. तोपर्यंत जुना राउटर रॅकच्या तळाशी पडून आहे, आणि दाराच्या आतल्या बाजूला पत्ते, नावे आणि मॅक क्रमांकांचा कागद प्लास्टिकच्या पिशवीत चिकटवला आहे, कारण गोव्याच्या पावसाळ्यात नुसता कागद भिंतीवर टिकत नाही.